पहिलीच्या वर्गातली दहा मुले

सीमाभागातील मराठीवर लिहिलेले बहुतेक लेख नकाशापासून सुरू होतात आणि सर्वोच्च न्यायालयाच्या दारात येऊन थांबतात. ती हकीकत महत्त्वाची आहे, पण वाचकांना तोंडपाठ आहे, म्हणून ती इथे चार ओळींत आटोपतो. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली आणि मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, म्हैसूर राज्यात गेला. 1966 साली महाजन आयोग नेमला गेला. 1967 च्या अहवालात त्याने निपाणी, खानापूर महाराष्ट्राला द्यावे आणि बेळगाव शहर म्हैसूरकडेच राहावे असे सुचवले. महाराष्ट्राने ते नाकारले. 2004 साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तो अजून निकाली निघालेला नाही.

मला सांगायचे आहे ते या दाव्याच्या बाहेरचे. मी पिरनवाडीत राहतो. बेळगावहून खानापूरकडे निघाले की उद्यमबागेतले कारखाने मागे पडतात आणि रस्त्याला लागूनच आमचे गाव येते. पुढे मच्छे, झाडशहापूर. एका बाजूला फाउंड्रीत आणि लेथवर काम करायला आलेली बाहेरगावची माणसे, दुसऱ्या बाजूला पिढीजात भाताची शेती असलेली घरे. चौकात पाच मिनिटे उभे राहिले तर मराठी, कन्नड, उर्दू आणि हिंदी या चारही भाषा कानावर पडतात. अशा गावांत मी मराठी प्राथमिक शाळेचा मास्तर म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतर साहित्य संमेलनांच्या कामात रमलो. सरकारदरबारी आधार नसताना जवळजवळ सत्तर वर्षे इथली मराठी टिकली, ती कोणी टिकवली आणि आता ती नेमकी कुठे उसवते आहे, हे जवळून पाहता आले. तेच मांडतो.

टिकवणाऱ्यांत मोठ्या संस्था आहेत. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय, बाबूराव ठाकुरांनी 1919 साली सुरू केलेला ‘तरुण भारत’, मराठी विद्यानिकेतनसारखी शाळा, वाङ्मय चर्चा मंडळ. अखिल भारतीय साहित्य संमेलनही बेळगावात भरले आहे. 1946 साली ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव त्याच संमेलनात झाला. पुढे 2000 साली य. दि. फडके अध्यक्ष होते. पण ही शहरातली गोष्ट झाली. सीमाभागाचे खरे वेगळेपण खेड्यांत आहे.

कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमानी, बेळगुंदी, निपाणीकडे कारदगा. या गावांत दरवर्षी एक दिवसाचे मराठी साहित्य संमेलन भरते. कडोलीची परंपरा तर चार दशकांच्या घरातली. महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्याच्या गावीही न घडणारी ही गोष्ट इथे शेतकऱ्यांच्या गावांत घडते, ती कशी चालते हे सांगितले पाहिजे, कारण बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना फक्त मांडव दिसतो.

गणपती झाले की पहिली बैठक देवळात बसते. कमिटीत कोण असते? दोन-तीन शिक्षक, सोसायटीचा सेक्रेटरी, एखादा गवंडी, एखादा लष्करातून निवृत्त झालेला सुभेदार, महिला मंडळाच्या दोघी आणि कविता करणारा एक तरुण. वर्गणी गल्लीवार ठरते. ज्याच्याकडे पैसे नाहीत तो तांदूळ देतो, ट्रॅक्टर देतो, नाहीतर दिवसभर पंगतीत वाढायला उभा राहतो. सुगी आटोपून माणूस मोकळा होतो त्या दिवसांतला रविवार धरतात. पाहुण्यांची पत्रे जातात, पोलिसांकडे परवानगीचा अर्ज जातो, आणि परवानगीची पोच हातात पडेपर्यंत सेक्रेटरीला झोप नसते. त्या दिवशी सकाळी ग्रंथदिंडी निघते. पालखीत ज्ञानेश्वरी, पुढे शाळेच्या मुलांचे लेझीम, डोक्यावर कलश घेतलेल्या बायका, भजनी मंडळाचे टाळ-मृदंग. मग उद्घाटन, अध्यक्षीय भाषण, एखादे व्याख्यान, दुपारी सगळ्या गावाला जेवण, नंतर कथाकथन आणि कविसंमेलन. उन्हात खुर्चीवर बसलेले म्हातारे, पदर डोक्यावरून घेतलेल्या सासवा आणि कडेवर मूल असलेल्या सुना भाषण ऐकताना मी पाहिल्या आहेत. असा श्रोता पुण्या-मुंबईच्या सभागृहात मिळणार नाही, हे तिकडून आलेले लेखकच सांगतात.

संमेलनाबद्दल एवढा जिव्हाळा असूनही दोन गोष्टी बोलायला हव्यात. सत्कार फार होतात, हार-शालीतच सकाळ संपते. आणि पुस्तकांचा स्टॉल मांडवाच्या मागे, चपलांच्या ढिगाशेजारी असतो. एकदा मी कमिटीला तो जेवणाच्या वाटेवर लावायला सांगितला, तर विक्री डोळ्यांत भरण्याइतकी वाढली. रांगेत उभा राहिलेला माणूस पुस्तक उघडून पाहतोच.

संमेलनाच्या बरोबरीने आणखीही धागे आहेत. माघ-फाल्गुनातली ज्ञानेश्वरी पारायणे, आषाढीच्या पायी दिंड्या, दिवाळीत मुलांनी अंगणात बांधलेले मातीचे किल्ले, बेळगावच्या शिवजयंतीची रात्रभर चालणारी चित्ररथ मिरवणूक. यांतले प्रत्येक काम मराठीत चालते, आणि ते करणाऱ्याला आपण भाषा टिकवतो आहोत असे वाटतही नाही. पारायणाला बसलेली आजी ओवी वाचते कारण तिला ओवी वाचायची आहे. मला वाटते, यातली ताकद तीच आहे.

मग उसवते कुठे? उत्तर शाळेत आहे, आणि ते आकड्यांत सांगता येते.

ज्या दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, त्याच दिवशी, म्हणजे 1 नोव्हेंबर 1956 रोजी, राज्यघटनेची सातवी दुरुस्ती अमलात आली आणि तिने 350 क आणि 350 ख ही दोन कलमे घटनेत घातली. पहिले कलम म्हणते की भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावे यासाठी प्रत्येक राज्याने पुरेशा सोयी कराव्यात. दुसऱ्याने या अल्पसंख्याकांसाठी एक विशेष अधिकारी नेमला. त्याचे एक विभागीय कार्यालय अनेक वर्षे बेळगावातच होते. पण ‘पुरेशा सोयी’ म्हणजे किती? याचे माप आधीच ठरले होते. 1949 च्या ऑगस्टमध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांची परिषद झाली. तिने ठरवले की एखाद्या शाळेत ती भाषा बोलणारी किमान 40 मुले असतील, किंवा एका वर्गात 10 असतील, तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा. पुढच्या सगळ्या संरक्षण योजना याच आकड्यांवर उभ्या राहिल्या. हा कायदा नव्हे, राज्यांनी आपापसांत मान्य केलेला संकेत आहे. पण निवेदन द्यायचे तर हाताशी हाच आधार असतो.

थोडक्यात, सीमाभागातल्या एखाद्या गावची मराठी ही पहिलीच्या वर्गातल्या दहा मुलांवर अवलंबून आहे. दहा असली तर शिक्षक मागता येतो. सात झाली की मागणीतला जोर जातो. शिक्षक बदलून गेला की जागा रिकामी राहते, रिकामी जागा पाहून आणखी दोन पालक मूल काढून घेतात, आणि पुढच्या वर्षी पाच उरतात. हे कोणाच्याही आदेशाशिवाय घडते. आंदोलन करायला समोर कोणी नसतो.

पुष्कळांचा समज असा की मराठी शाळेतली मुले कन्नड शाळेत जातात. काही जातात. बहुतेक मुले पिवळ्या बसमध्ये बसून इंग्रजी शाळेत जातात. याला कायद्याचीही एक बाजू आहे. कर्नाटक सरकारने 1994 साली आदेश काढला होता की पहिली ते चौथीचे शिक्षण मातृभाषेत किंवा कन्नडमध्येच द्यावे. खासगी शाळांच्या संघटनेने त्याला आव्हान दिले, आणि 6 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला की राज्याला प्राथमिक शाळांवर मातृभाषेचे माध्यम लादता येणार नाही. माध्यम निवडण्याचा हक्क मुलाचा आणि त्याच्या वतीने पालकांचा. त्या निकालाने कन्नड शाळांचे जेवढे नुकसान झाले तेवढेच इथल्या मराठी शाळांचे झाले, असे माझे मत आहे. सरकारी कन्नड शाळेतले गुरुजी आणि मी एकाच दुःखाबद्दल बोलत असतो, फक्त दोन भाषांत.

इथे महाराष्ट्रातल्या वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. उषा मेहता विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 2004 च्या खटल्यात भाषिक अल्पसंख्याकांच्या शाळांनी, त्यात गुजराती शाळा पुढे होत्या, मराठी सक्तीच्या विरोधात दाद मागितली होती. न्यायालयाने महाराष्ट्राची बाजू मान्य केली: राज्यात राहणाऱ्याने राज्याची भाषा शिकावी हे वावगे नाही. कर्नाटकाने 2015 साली कन्नड भाषा अध्ययन कायदा केला त्यामागेही हाच तर्क आहे. तो तर्क मुंबईत योग्य आणि बेळगावात अन्यायकारक असे म्हणता येत नाही. आमच्या मुलांनी कन्नड शिकावे, चांगले शिकावे, असे मी पालकांना नेहमी सांगत आलो. वीजबिल, सातबारा, बँकेचा अर्ज, बसची पाटी सगळे त्या भाषेत आहे. भांडण शिकण्याशी नाही. आपली भाषा शाळेतून हद्दपार होते त्याच्याशी आहे.

मे महिन्यात आम्ही पालकांच्या घरी जातो. एका घरी आईने सांगितलेले असे: “गुरुजी, मराठी घरात आहेच की. शाळेत इंग्लिश शिकू दे.” या वाक्याला उत्तर देणे सोपे नाही. तिचे म्हणणे चुकीचे म्हणून मोडीत काढणारे कार्यकर्ते पुढच्या घरी जातात आणि तिथेही हेच ऐकतात. शिवाय गावाला हेही दिसते की व्यासपीठावर मराठीचा जयजयकार करणाऱ्यांची नातवंडे त्याच पिवळ्या बसमध्ये बसतात. मी तिला एवढेच म्हणालो की घरात आहे ती बोलण्याची मराठी. वाचण्याची आणि लिहिण्याची मराठी घरात नाही, ती शाळेतच मिळते. आणि एका पिढीने वाचणे सोडले की पुढच्या पिढीकडे बोलणेही तुटपुंजे येते. पटले की नाही, माहीत नाही. तिने चहा मात्र केला.

जगात दुसरीकडे हा क्रम पुरा झालेला पाहता येतो. पॅसिफिक महासागरात गुआम नावाचे बेट आहे, तिथल्या मूळ लोकांची भाषा चामोरू. 1898 साली स्पेनकडून ते बेट अमेरिकेकडे गेले. 1917 साली तिथल्या नौदल प्रशासनाने इंग्रजी ही एकमेव अधिकृत भाषा ठरवली आणि पुढे शाळांत चामोरू बोलायला बंदी आली. 1974 मध्ये चामोरूला इंग्रजीच्या बरोबरीचे अधिकृत स्थान मिळाले खरे, पण तोवर शिक्षा भोगलेल्या आईबापांनी मुलांशी इंग्रजीतच बोलायचे ठरवले होते. आज तिथली जाणती मंडळी लहान मुलांचे वर्ग चालवतात, जिथे दिवसभर फक्त चामोरू बोलली जाते. न्यूझीलंडमध्ये माओरींनी 1982 पासून असेच केले: आज्या आणि नातवंडे एकत्र बसवली आणि त्याला ‘भाषेचे घरटे’ म्हटले. तिकडे उत्सव होतेच, नाच-गाणी होतीच. भाषा परत आणायला मात्र त्यांना तीन-चार वर्षांच्या मुलांपाशी जावे लागले.

आपली गोष्ट अर्थात तशी नाही. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8 कोटींहून अधिक होते. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला. मराठी जगातून जाणार नाही. ती पिरनवाडीतून, मच्छेतून जाऊ शकते, आणि ती गेल्याचे कोल्हापूरलाही कळणार नाही.

आता मास्तरांना आणि लेखकांना थेट लागू पडणारी एक गोष्ट. आम्ही शाळेत जी मराठी शिकवतो आणि मुले घरून जी आणतात त्यांत अंतर आहे. इथे मूल म्हणते, “मी अभ्यास केलो.” “तो मला सांगितला.” “काय करूलास?” प्रमाण मराठीत क्रियापद कर्माप्रमाणे चालते: मी अभ्यास केला, त्याने सांगितले. कन्नडमध्ये ते कर्त्याप्रमाणे चालते, ‘नानु केलस माडिदे’, म्हणजे ‘मी काम केलो’. शेकडो वर्षे एकाच विहिरीवर पाणी भरणाऱ्या दोन भाषांनी एकमेकींची वळणे उचलली. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी 1971 साली सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडवर निबंध लिहिला. तिथे बोलल्या जाणाऱ्या मराठी, कन्नड आणि उर्दू यांचे शब्द वेगळे राहिले, पण वाक्याची घडण इतकी सारखी झाली की शब्दाला शब्द ठेवत एका भाषेतून दुसरीत जाता येते, असे त्यांना आढळले. तिथे भाषा मिसळल्या आणि तरीही कोणी आपली भाषा सोडली नाही.

हे नाते जुने आहे. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी कन्नड आणि तमिळबरोबर मराठी लेख आहे. मराठी संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. ज्यांच्या घरात मराठी बोलली जाई ते द. रा. बेंद्रे कन्नडचे महाकवी झाले आणि त्यांनी मराठीतही लिहिले. तूप आणि अडकित्ता हे आपले शब्द कन्नडमधून आलेले; अण्णा आणि अक्का तर दोन्ही घरांत आहेत.

तरीही ‘केलो’ दिसले की आम्ही लाल रेघ मारतो. परीक्षेपुरती ती मारावी लागते, मान्य. पण त्या रेघेबरोबर मुलाला असे कळते की आपल्या आईची मराठी अशुद्ध आहे. मग त्याला पुण्याची मराठी परकी आणि घरची मराठी लाजिरवाणी वाटते, आणि इंग्रजी निदान सगळ्यांना सारखीच अवघड असते. संमेलनाच्या मंचावरही हाच प्रकार. सूत्रसंचालन करणारी मुलगी मांडवाबाहेर “ये की गा, बस की” म्हणते, आणि माइक हातात आला की आकाशवाणीची होते.

याला उत्तर आपल्या साहित्यातच पडून आहे. प्रकाश नारायण संतांनी ‘वनवास’मध्ये लंपनला याच मुलखातली बोली बोलायला लावली आणि सगळ्या महाराष्ट्राने तो आपला मानला. निपाणीच्या महादेव मोरे यांनी पिठाची गिरणी चालवता चालवता ड्रायव्हर, मेकॅनिक, तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायका यांच्या कथा त्यांच्याच भाषेत लिहिल्या. पु. ल. देशपांड्यांच्या ‘रावसाहेबां’चे कानडी वळणाचे मराठी ऐकून हसलेले लोक त्या माणसावर जीव लावून बसले. मी वर्गात एक तास यांतले काहीतरी मोठ्याने वाचायचो आणि मग मुलांना सांगायचो, आता हेच वाक्य परीक्षेत कसे लिहायचे ते पाहू. दोन्ही रूपे फळ्यावर शेजारी शेजारी लिहायची, कशावरही फुली नाही. ‘मी काम केलो’ घरी, ‘मी काम केले’ पेपरात. मुलांना हे कळते. ती आधीच तीन-चार भाषांत वावरत असतात. ज्यांना बोलीची लाज उरली नाही ती प्रमाण मराठीही लवकर शिकली, असा माझा अनुभव आहे.

आमच्या भागात पाट्यांवरून, पुतळ्यांवरून रान उठते. जुलै 2014 मध्ये येळ्ळूरच्या फलकावरून लाठ्या चालल्या. ऑगस्ट 2020 मध्ये पिरनवाडीच्या चौकात संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्यावरून तणाव झाला आणि शेवटी पुतळा राहिला, चौकाला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव दिले गेले. दोन्ही बाजूंच्या शहाण्या माणसांनी तो तोडगा काढला, याचे मला समाधान आहे. त्या दिवसांत चौकात शेकडो तरुण जमत होते. त्यांच्यातल्या दहा जणांनी मे महिन्यात दहा दारे वाजवली असती तर एक वर्ग भरला असता, हा हिशेब माझ्या डोक्यातून जात नाही.

काही गावांत आता संमेलनाची कमिटी आणि शाळेची एसडीएमसी एकत्र बसू लागली आहे, ते योग्य वाटते. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षण योजनेत एक तरतूद आहे, तिचा वापर फार कमी होतो: मुलाला कोणत्या माध्यमात शिकवायचे याची आगाऊ नोंदणी पालकांनी शाळा सुरू होण्याआधी करावी, आणि एका शाळेत संख्या कमी पडली तर शेजारच्या शाळांची मुले जुळवून वर्ग भरावा. म्हणजे पिरनवाडीत सहा आणि खादरवाडीत पाच असतील तर त्यांना एकत्र मोजण्याची मागणी करता येते. कर्नाटकातल्या शाळा जूनच्या आरंभी उघडतात. तेव्हा फेब्रुवारीतल्या संमेलनाच्या दिवशीच, जेवणाच्या रांगेशेजारी, पुस्तकांच्या स्टॉलवर एक वही ठेवावी. वहीत मुलाचे नाव, जन्मतारीख, पालकाची सही आणि गल्ली असे चार रकाने पुरतात. मार्च संपण्याआधी तिची एक प्रत मुख्याध्यापकांकडे आणि एक गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यावी, अर्ज कन्नड आणि मराठी दोन्हींत लिहावा, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नये.